पेनड्राइव्ह बंद करायला खर्च किती?

उत्तर आधीच सांगतो. दहा संगणकांचं कार्यालय असेल आणि सगळ्यांवर विंडोजची प्रो आवृत्ती असेल, तर पेनड्राइव्ह, मोबाइल आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर नियंत्रण आणायला सॉफ्टवेअरसाठी एक रुपयाही लागत नाही. लागतो तो एका जाणत्या माणसाचा दोन दिवसांचा वेळ. होम आवृत्ती असेल तर खर्च वाढतो. संगणक पंचवीसच्या पुढे गेले की आणखी वाढतो. शाखा वेगवेगळ्या गावांत असतील तर दरवर्षी रिन्यूअलचं बिल येणार हे धरूनच चालायचं. व्हेंडरच्या कोटेशनमध्ये मात्र हा क्रम सहसा उलटा असतो: सॉफ्टवेअर पहिल्या ओळीत, आणि खरं काम शेवटी ‘इन्स्टॉलेशन चार्जेस’ या दोन शब्दांत गुंडाळलेलं. कोटेशन मागवण्याआधी निदान आपल्याला नेमकं काय हवं आहे ते ठरवून घ्या.

हे लिहितो आहे ते कर सल्लागार, पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, दवाखाने, एमआयडीसीतले छोटे कारखाने अशांसाठी. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळा विभाग असतो. छोट्या कार्यालयात हे काम मालक, हिशेबनीस आणि महिन्यातून एकदा येणारा हार्डवेअरवाला यांच्यात वाटलं जातं. एकाला वाटतं दुसऱ्यानं केलं असेल, आणि शेवटी कोणीच केलेलं नसतं.

भीती किती खरी?

धोके दोन आहेत, आणि ते वेगळे ठेवले तरच खर्च आटोक्यात राहतो. एक, बाहेरून व्हायरस आत येणं. दोन, आतली माहिती बाहेर जाणं.

पहिला धोका आपल्याकडच्या प्रत्येक कार्यालयानं कधी ना कधी पाहिला आहे. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह परत आला की त्यातल्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात, मूळ फोल्डर लपवलेले असतात आणि शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस चालू होतो. पेनड्राइव्ह लावताक्षणी त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ पासून बंद केली, २०११ मध्ये जुन्या आवृत्त्यांसाठीही तसा अपडेट दिला. पण माणसानं स्वतः क्लिक केलं तर ती बंदी काय करणार? इंटरनेट नसलेला संगणक सुरक्षित असतो हा समज २०१० मध्येच मोडीत निघाला. इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातली यंत्रणा बाहेरच्या जाळ्याला जोडलेली नव्हती. तिथे पोहोचलेला स्टक्सनेट हा व्हायरस यूएसबी ड्राइव्हवरून पसरेल असाच रचलेला होता.

सापडलेला पेनड्राइव्ह माणूस लावून पाहतो का? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळपास सगळे उचलले गेले, आणि निदान ४५ टक्के ड्राइव्हमधली फाइल कुणीतरी उघडली. विद्यापीठातल्या शिकल्यासवरल्या लोकांची ही गोष्ट. म्हणून नुसत्या सूचनेच्या कागदावर विसंबू नका.

दुसऱ्या धोक्याचं उदाहरण लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं. २०१७ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्याकडून हरवलेला पेनड्राइव्ह एका नागरिकाला सापडला. त्यात हजारावर फाइल होत्या आणि पासवर्ड नव्हता. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयानं विमानतळाला १,२०,००० पौंडांचा दंड केला. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. छोट्या कार्यालयाला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही. पण अशिलांचे पॅन, आधार आणि बँक खाती ज्याच्याकडे आहेत त्याला ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणून सुटता येणार नाही.

नागरी सहकारी बँकांना तर रिझर्व्ह बँकेनं १९ ऑक्टोबर २०१८ च्या परिपत्रकातच सांगितलं आहे की बाहेरची साधनं मुळात चालू द्यायची नाहीत, आणि मंजुरी द्यायचीच तर ती ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीपुरती द्यायची. पतसंस्थांना हे परिपत्रक थेट लागू नाही. तरी संचालक मंडळाच्या ठरावात हेच वाक्य घालावं, कारण यापेक्षा नेमकं धोरण एका वाक्यात मांडता येत नाही.

आधी यादी, मग कुलूप

खर्चाचा सगळ्यात मोठा भाग इथे ठरतो, आणि इथेच लोक घाई करतात. यूएसबीच्या खाचेत पेनड्राइव्हशिवाय काय काय लागतं, याची यादी खुर्चीत बसून नाही, टेबलाटेबलाशी जाऊन करा.

कर सल्लागाराकडे पहिलं नाव डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या, टोकनचं. जीएसटी, कंपनी कायद्याची विवरणपत्रं, ई-टेंडर, कशासाठी ना कशासाठी ते रोज लागतं. दिसायला ते पेनड्राइव्हसारखंच, पण विंडोजच्या लेखी ते स्मार्ट कार्ड असतं. त्यामुळे फक्त साठवणुकीची साधनं बंद केली तर टोकन चालू राहतं. सगळं यूएसबीच बंद केलं तर शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी सही होत नाही, आणि मग वैतागून सगळंच पुन्हा उघडलं जातं. काही टोकन लावल्यावर एक सीडी ड्राइव्हही दिसतो, त्यात टोकनचा ड्रायव्हर असतो. सीडीवर बंदी घालणार असाल तर हा ड्रायव्हर आधी बसवून घ्या.

सेवा केंद्रात आधारसाठीचं अंगठ्याचं यंत्र, दुकानात बारकोड स्कॅनर आणि बिलाचा प्रिंटर, डिझाइनच्या कार्यालयात कॅड-कॅम सॉफ्टवेअरचं डोंगल. भोसरी, सातपूर किंवा गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी यंत्रात प्रोग्रॅम पेनड्राइव्हनंच भरला जातो. तिथे पेनड्राइव्ह बंद करणं म्हणजे यंत्र बंद करणं. अशा ठिकाणी बंदी नको, ओळखीचे दोन-तीन पेनड्राइव्ह हवेत, आणि ते कारखान्याच्या बाहेर जाता कामा नयेत.

यादीत हमखास राहून जातो तो बॅकअप. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा रोजचा बॅकअप संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेण्याची पद्धत असंख्य कार्यालयांत आहे. बंदी लागू झाली की तो बॅकअप थांबतो. तो घेणारा माणूस दोनदा चूक दिसली की प्रयत्न सोडतो, आणि ते कळतं डिस्क बिघडल्यावर. बॅकअप कोणत्या संगणकावर, कोणत्या डिस्कवर आणि कोण घेतो हे लिहून घेतल्याशिवाय कुठलंच कुलूप लावू नका.

आजवर कोणती साधनं लागली होती हे विंडोज स्वतःच नोंदवून ठेवतं. नीरसॉफ्टचं यूएसबीडीव्ह्यू हे फुकट सॉफ्टवेअर ती यादी एका खिडकीत दाखवतं. प्रत्येक संगणकावर ती पाहायला फारसा वेळ लागत नाही. मालकांना त्यात बहुधा अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त नावं सापडतात.

फुकटात काय काय होतं

पहिलं काम: रोजच्या वापराच्या खात्याचे अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार काढा. ज्याच्याकडे ते अधिकार आहेत तो तुम्ही घातलेली कुठलीही बंदी दोन मिनिटांत काढू शकतो. यासाठी पैसे लागत नाहीत, थोडी कुरबुर ऐकावी लागते.

दुसरं, विंडोज प्रो मधली ग्रुप पॉलिसी. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, रिमूव्हेबल स्टोरेज अॅक्सेस या वाटेनं गेलं की वाचणं, लिहिणं आणि त्यावरून प्रोग्रॅम चालवणं या तिन्हींवर वेगवेगळी बंदी घालता येते. माझा आग्रह असा की बहुतेक कार्यालयांनी सगळं बंद करण्याऐवजी लिहिणं आणि प्रोग्रॅम चालवणं बंद करावं, वाचणं चालू ठेवावं. अशील पेनड्राइव्हवर कागदपत्रं घेऊन आला तर ती बघता येतील, पण तुमची माहिती त्यावर जाणार नाही आणि त्यातला प्रोग्रॅम थेट चालणार नाही. वाचलेली फाइल उघडताना अँटिव्हायरस लागतोच, हे वेगळं सांगायला नको.

याच ठिकाणी डब्ल्यूपीडी नावाची वेगळी ओळ आहे. ती मोबाइलसाठी. पेनड्राइव्ह बंद करून मोबाइल उघडा ठेवणारी कार्यालयं फार आहेत. चार्जिंगला लावलेल्या फोनमध्ये पेनड्राइव्हपेक्षा जास्त माहिती मावते. डब्ल्यूपीडीचं लिहिणं आणि वाचणं दोन्ही बंद करा, आणि चार्जिंगसाठी टेबलाजवळ साधा प्लग द्या. हा काही शे रुपयांचा खर्च मी कोटेशनमध्ये आवर्जून घालायला सांगेन.

रजिस्ट्रीतला जुना उपाय अनेक हार्डवेअरवाले अजून वापरतात: यूएसबीस्टोअर या नोंदीतल्या ‘स्टार्ट’चं मूल्य ३ चं ४ करायचं. होम आवृत्तीवरही तो चालतो. पण त्याला दोन भोकं आहेत. मोबाइल त्याला जुमानत नाही. आणि नव्या वेगवान बाहेरच्या एसएसडी यूएएसपी नावाच्या वेगळ्या ड्रायव्हरवर चालतात, त्यामुळे पेनड्राइव्ह अडतो आणि एक टेराबाइटची एसएसडी मजेत चालू राहते. कोणी ‘आम्ही यूएसबी ब्लॉक केलं’ म्हणाला तर त्याला एसएसडी लावून दाखवायला सांगा.

सी-डॅकनं तयार केलेलं यूएसबी प्रतिरोध हे सॉफ्टवेअर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे फेब्रुवारी २०१७ पासून मोफत दिलं जातं. ओळखीचे ड्राइव्ह नोंदवून पासवर्डनं उघडायचे, असं त्याचं काम. होम आवृत्तीवर अडकलेल्या छोट्या कार्यालयानं ते जरूर पाहावं, पण आधी आपल्या विंडोजच्या आवृत्तीवर एका संगणकावर आठवडाभर चालवून. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी यूएसबीगार्ड आहे, तेही फुकट.

ठरावीक पेनड्राइव्हच चालावेत असं हवं असेल तर ग्रुप पॉलिसीतल्या डिव्हाइस इन्स्टॉलेशनच्या बंधनांत साधनाचा ओळख क्रमांक देता येतो. इथे खरेदीचा प्रश्न येतो. अगदी स्वस्त पेनड्राइव्हना स्वतःचा वेगळा सिरियल क्रमांक नसतो. मग विंडोज खाचेनुसार स्वतःच एक क्रमांक बनवतं, आणि तुमची परवानगी चुकीच्या ड्राइव्हलाही लागू होऊ शकते. त्या क्रमांकात दुसरं अक्षर अँपरसँड, म्हणजे ‘आणि’चं चिन्ह, दिसलं तर तो ड्राइव्ह परत करा. शंभर रुपये वाचवण्याची ही जागा नाही. आणखी एक सावधगिरी: ‘यादीत नसलेलं काहीच चालू देऊ नका’ ही ओळ चालू करताना कीबोर्ड आणि माउस यादीत आहेत ना, हे दोनदा बघा. नाहीतर आपलाच संगणक आपल्याला हात लावू देणार नाही.

कार्यालयाचे अधिकृत ड्राइव्ह विंडोजमधल्या बिटलॉकरनं कुलूपबंद करा. प्रो आवृत्तीत ही सोय आहे, आणि अशा ड्राइव्हवर होम आवृत्तीच्या संगणकावरही पासवर्ड देऊन काम करता येतं. बिटलॉकर नसलेल्या ड्राइव्हवर लिहू न देण्याची पॉलिसीही आहे. त्याची रिकव्हरी की छापून तिजोरीत ठेवा. ती आणि पासवर्ड दोन्ही हरवले तर आतली माहिती कायमची गेली, तिथे कुठलाही तंत्रज्ञ उपयोगाचा नाही.

बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमधून, खाचा बंद करणं, प्लास्टिकची कुलपं घालणं हे उपाय काउंटरवरच्या, लोकांचा हात पोहोचेल अशा संगणकासाठी चांगले. लेनोव्होच्या काही थिंकसेंटर संगणकांत फक्त कीबोर्ड आणि माउस चालू ठेवण्याची सोय बायोसमध्येच आहे. बायोसला पासवर्ड आणि कॅबिनेटला कुलूप मात्र हवं. खाचेत एमसील किंवा फेविक्विक भरू नका. वॉरंटी जाते, आणि पुढे डीएससी टोकनसाठी त्याच खाचेची गरज पडते.

एक प्रकार असा आहे की ज्याला यातले बहुतेक उपाय पुरत नाहीत. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी ‘बॅडयूएसबी’ दाखवलं: दिसायला पेनड्राइव्ह, पण संगणकाला सांगतो मी कीबोर्ड आहे, आणि लावल्याबरोबर आपोआप आज्ञा टाइप करू लागतो. साठवणुकीवरची बंदी त्याला अडवत नाही. त्याच्यावर मुख्य उपाय दोन: अनोळखी वस्तू न लावणं, आणि अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार काढणं.

पैसे कुठे मोजावेत

होम आवृत्तीचं प्रो करायचं असेल तर सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशनखाली आजची अधिकृत किंमत दिसते. अमेरिकेत हा बदल ९९ डॉलरला मिळतो. दहा संगणकांसाठी ही रक्कम टोचते, म्हणून सगळ्यांवर एकदम करू नका. ज्यावर अशिलांची माहिती आहे त्यांवर आधी करा, आणि पुढचा प्रत्येक संगणक प्रो सकटच घ्या. पाच-सातशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या ‘की’च्या वाटेला जाऊ नका. तपासणीत ते लायसन्स म्हणून टिकत नाही, आणि कधी बंद पडेल याचा नेम नसतो.

त्यानंतर अँटिव्हायरस. तो तुम्ही घेतच असता. पुण्याच्या क्विक हीलचा सेक्राइट, किंवा इतर कंपन्यांच्या व्यवसायासाठीच्या आवृत्त्यांत डिव्हाइस कंट्रोल, म्हणजे बाहेरच्या साधनांवरचं नियंत्रण, असतं, पण सगळ्याच आवृत्त्यांत सारखं नसतं. व्हेंडरला तुमच्या सध्याच्या आवृत्तीची आणि डिव्हाइस कंट्रोल असलेल्या आवृत्तीची, अशा दोन्ही किमती लेखी मागा. तुमचा खरा खर्च म्हणजे या दोन किमतींतला फरक. पूर्ण किंमत डिव्हाइस कंट्रोलच्या नावावर दाखवली असेल तर ते कोटेशन परत पाठवा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियममध्ये हे सगळं एका जागेवरून करता येतं. अमेरिकेतली यादीतली किंमत माणशी महिना २२ डॉलर आहे. ईमेल आणि ऑफिससाठी ते घेणारच असाल तर यासाठी दुसरं काही घेऊ नका. फक्त पेनड्राइव्हसाठी मात्र ते घेऊ नये. झोहोच्या मॅनेजइंजिनचं डिव्हाइस कंट्रोल प्लस हे खास या कामाचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याची छोट्या कार्यालयांसाठी मोफत आवृत्ती आहे. तिची मर्यादा आज किती संगणकांची आहे ते बघूनच ठरवा. हे चालवायला एक संगणक सतत चालू लागतो, हाही खर्चच.

दोन हिशेब मांडून दाखवतो. दर मी हिशेबापुरते धरले आहेत, तुमच्या गावचे घाला. तंत्रज्ञाचा दिवस २,५०० रुपये, चांगला पेनड्राइव्ह ६०० रुपये.

दहा संगणकांचं कर सल्लागाराचं कार्यालय, सगळीकडे प्रो: दोन दिवसांचे ५,००० आणि चार अधिकृत पेनड्राइव्हचे २,४००, एकूण ७,४०० रुपये. पुढे दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस तपासणी, म्हणजे वर्षाला ५,०००.

चार शाखांची, बावीस संगणकांची पतसंस्था: अँटिव्हायरसच्या दोन आवृत्त्यांतला फरक संगणकामागे ५०० धरला तर ११,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १२,९८०. तंत्रज्ञाचे पाच दिवस १२,५००. आठ पेनड्राइव्ह ४,८००. एकूण ३०,२८०, शाखांचा प्रवासखर्च वेगळा. इथे मी सॉफ्टवेअरवर खर्च करायला सांगतो, कारण चार गावांत फिरून हातानं बदल करत राहणं दुसऱ्याच वर्षी यापेक्षा महाग पडतं.

दोन्ही हिशेबांत एक खर्च दिसत नाही: ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाचा वेळ. कुणाला पेनड्राइव्ह लागला तर कोणाला विचारायचं, तो नसेल तर कोणाला, परवानगी किती दिवसांची, नोंद कोणत्या वहीत? हे ठरलं नाही तर लोक फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि तुम्ही घातलेला सगळा पैसा पाण्यात जातो. कार्यालयात एक संगणक बाहेरच्या ड्राइव्हच्या तपासणीसाठी वेगळा ठेवा, नेटवर्कला न जोडलेला. कपाटातला जुना चालेल, फक्त त्याचा अँटिव्हायरस अद्ययावत ठेवा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हेही तो निवडताना लक्षात असू द्या.

कर्मचाऱ्यांना आधी सांगा, मग लावा. संशय घेतला जातोय असं वाटलं की सगळ्यात विश्वासू माणूस पहिल्यांदा दुखावतो. नियम मालकाच्या संगणकालाही तोच असू द्या.

शेवटचा हप्ता देण्याआधी व्हेंडरला समोर बसवून साध्या कर्मचाऱ्याच्या खात्यातून हे करून बघा. अनोळखी पेनड्राइव्ह लावून त्यावर फाइल कॉपी करण्याचा प्रयत्न करा. वेगवान एसएसडी लावून तेच करा. मोबाइल लावून फोटो उतरवण्याचा प्रयत्न करा. लॅपटॉपला मेमरी कार्डची खाच असेल तर कार्ड घालून त्यावरही फाइल कॉपी करून बघा. मग डीएससी टोकनानं सही करा, प्रिंट काढा, आणि बॅकअप घेऊन त्यातली एक फाइल परत उघडा. पहिली चार कामं अडली आणि शेवटची तीन सुरळीत झाली, तरच चेक द्या.